आठही जणांना एकतीस

त्या वक्तृत्व स्पर्धेतून इंद्रजित खोतला तीन गोष्टी मिळायच्या होत्या: नोकरी, खुर्ची आणि सासरा.

नोकरी होती, पण तासिका तत्त्वावरची. घेतला तास तर पैसे, लागली सुट्टी की उपास. आमच्या कॉलेजात तो चार वर्षं असाच कॉम्प्युटर शिकवत होता. तासिकेवाल्यांना स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्चीही नसते. जो वर्गावर गेला असेल त्याच्या खुर्चीत टेकायचं आणि तो खडूचे हात झटकत परत आला की उठायचं. सासरा मुरगूडचा, निवृत्त हेडमास्तर. मुलगी तयार होती, इंद्रजित तर तयार होऊन होऊन सुकत चालला होता. हेडमास्तर तेवढे "कायम झाल्याची ऑर्डर दाखवा" इथं अडले होते.

आणि संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब इंगवले यांनी शब्द दिला होता. इंद्रजितनं भाषणांना गुण देणारं यंत्र बनवलं होतं. यंदाच्या इंगवले करंडकाचा निकाल त्या यंत्रानं बिनबोभाट लावला, तर कॉलेजात 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज' असं केंद्र निघणार आणि त्याचा प्रमुख इंद्रजित, कायम नोकरीवर. नाही लावला, तर जूनपासून दुसरा तासिकेवाला.

ही गोष्ट फोनमधली यंत्रं घराघरांत गप्पा मारायला लागली त्याच्या आधीची. तेव्हा यंत्रानं माणसाला गुण द्यायचे म्हटलं की लोक जरा सावरून बसत. म्हणून यंत्राच्या नीतिमत्तेवर लक्ष ठेवायला एक समिती नेमली होती, आंतरविद्याशाखीय. अध्यक्ष मराठीचे केळुसकर सर, जे करंडकाचे वर्षानुवर्षांचे परीक्षक. संगीताच्या बागेवाडीकर बाई. यंत्राचा बाप म्हणून इंद्रजित. आणि मी, हिरा शिरगुप्पे, कॉमर्स. मला कशाला घेतलं असं मी प्राचार्यांना विचारलं होतं. "कॉमर्सचं कोणीतरी हवं," असं उत्तर मिळालं. चहाचं बिल कोण तपासणार, असा त्याचा अर्थ.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी आम्ही चौघं लॅबमध्ये जमलो. जुन्या स्पर्धांची सगळी ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवून इंद्रजितनं ते शिकवलं होतं: हा पहिला आलेला, हा दुसरा, हा पडलेला. आता तो एकेक जुनं भाषण लावी, यंत्र पडद्यावर गुण दाखवी, आणि केळुसकर सर डोळे मिटून सांगत, "बरोबर. मीही ह्यालाच पहिला दिला होता."

"सर, हे अगदी तुमच्यासारखाच विचार करतं," इंद्रजित म्हणाला.

"मूल्यमापनाची एक परंपरा असते, खोत. तुमचं यंत्र त्या परंपरेत बसलं."

इंद्रजित इतका खूश झाला की त्यानं माझ्यासाठी स्वतःहून पंखा सुरू केला.

तेवढ्यात दारात महादेवी कुंभोजे उभी राहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावाची. दोन वर्षं करंडकाला बोलत होती आणि दोन्ही वर्षं तिला काही म्हणजे काही मिळालं नव्हतं. मराठीला कानडी हेल, आणि आवाज असा की समोरच्यानं पुढं वाकावं.

"सर, माझा नंबर शेवटचा आलाय. पाच दहाची बस गेली की मला गाडी नाही. आधी बोलू का?"

"क्रम यंत्रानं ठरवलाय," केळुसकर सर म्हणाले. "त्यात आपण हात घातला तर निःपक्षपातीपणा कुठं राहिला?"

"साडेचारपर्यंत संपेल गं," मी म्हटलं. "बोलून झालं की सुटलीस तू. बक्षीस काय, दुसऱ्या दिवशीही नेता येतं."

ती वळली आणि पुन्हा थांबली. "खोत सर, यंत्राला हळू बोललेलं कळतं?"

"कळतं की. त्याला काय, सगळे आवाज सारखेच."

"मग बरं," ती म्हणाली आणि गेली.

मला यंत्राची गंमत वाटायला लागली होती. "मला बोलून बघू दे," म्हटलं. समोर बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून खिडकीतून दिसणारा कॅन्टीनचा फळा वाचला, वक्तृत्वाच्या थाटात, हातवारे करून. मिसळ. कट वडा. साबुदाणा खिचडी फक्त गुरुवारी. उधारी मागून लाजवू नये. यंत्रानं एकतीस गुण दिले, शंभरातले.

"बाजूला व्हा," केळुसकर सर म्हणाले. त्यांनी 'मराठी भाषेचे भवितव्य' हे भाषण केलं. ते त्यांनी तालुक्यात सगळीकडं केलेलं आहे. एका बारशातसुद्धा केलेलं आहे. शेवटचं वाक्य हवेत सोडून ते थांबले. पडद्यावर आकडा आला. एकतीस.

"सर, भवितव्य कट वड्याच्या बरोबरीनं आलं," मी म्हटलं.

"यंत्र अजून नवीन आहे."

मग बागेवाडीकर बाईंनी फळा वाचायला घेतला. गाणाऱ्या बाई, आवाज गोड. पण पंख्यानं धूळ उडवली होती आणि साबुदाण्यापाशी त्यांना ठसका लागला. त्या खोकल्या, पदर तोंडाला लावला, खिचडी कशीबशी पुरी केली.

ब्याण्णव.

आम्ही पडद्याकडं बघत बसलो.

"बाई, पुन्हा खोका बघू," मी म्हटलं.

"उगीच कशी खोकू?"

"समाजासाठी खोका."

त्या खोकल्या. चौऱ्याण्णव. मी खोकले, अठ्ठ्याऐंशी. इंद्रजित खोकला, त्याचा घसा कोरडा पडला होता तरी नव्वद. दहा मिनिटं त्या लॅबमध्ये आम्ही शिकलेसवरलेले लोक आळीपाळीनं खोकत होतो आणि हसून हसून पुन्हा खोकत होतो. केळुसकर सर तेवढे खोकले नाहीत. ते खिडकीतून कॅन्टीनच्या फळ्याकडं बघत होते.

हसणं आधी थांबलं ते बाईंचं. "इंद्रजित, ती पहिली आलेली भाषणं पुन्हा लाव. आवाज मोठा कर. बोलणाऱ्याकडं लक्ष देऊ नका."

त्यांनी डोळे मिटले आणि तळहातानं मांडीवर ताल धरला. एक भाषण झालं, दुसरं, तिसरं. प्रत्येकात कुठंतरी, पोराचा आवाज टिपेला गेला की मागोमाग, एक खोकला होता.

"सगळीकडं एकच माणूस आहे," बाई म्हणाल्या. "पेटीच्या काळी दोनला उठतो आणि खाली खर्जात जाऊन बसतो. हा खोकला मी ओळखते. तुम्हीही ओळखता."

ओळखत होतो. पहिल्या रांगेत, सोफ्यावर, ताठ बसलेले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून काळा चष्मा कधीच न काढलेले अण्णासाहेब इंगवले.

"आणि पडलेल्या भाषणांत?" मी विचारलं.

इंद्रजितनं ती लावली. महादेवीची दोन्ही लावली. कुठंच खोकला नव्हता. तो खुर्चीत मागं रेलला. खुर्ची लॅबची होती, त्याची नव्हती.

"म्हणजे हे भाषण ऐकतच नाही," तो म्हणाला. "हे फक्त अध्यक्षांना ऐकतं."

"मग कॉलेजात कायम व्हायला लायक आहे," मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही.

"मॅडम, उद्या स्पर्धा आहे. नव्यानं शिकवायला पंधरा दिवस लागतील."

"मग अण्णासाहेबांना सांगू या."

"काय सांगायचं? साहेब, तुमच्या खोकल्यामुळं माझी नोकरी अडलीय?"

उपाय बाईंनी काढला. गाणाऱ्यांच्या पर्समध्ये असतो तसा ज्येष्ठमध त्यांच्याही पर्समध्ये होता. अण्णासाहेबांच्या हातावर कांडी ठेवायची. घसा शांत, खोकला बंद. खोकला नाही म्हटल्यावर यंत्राला झक मारत भाषणं ऐकावी लागतील. इंद्रजितला ते पटलं. बुडणाऱ्याला जेवढं पटतं तेवढं पटलं.

विरोध केला एकट्या केळुसकर सरांनी.

"नैसर्गिक खोकला असा दाबू नये," ते म्हणाले. "प्रकृतीला अपाय होतो."

"ज्येष्ठमधानं?"

"आणि त्यात नैतिक प्रश्नही आहे. माणसाच्या संमतीवाचून त्याचा खोकला थांबवायचा आपल्याला अधिकार काय?"

समितीच्या स्थापनेपासून सरांनी काढलेला हा पहिला नैतिक प्रश्न. आम्ही तो मताला टाकला आणि तीन विरुद्ध एक असा फेटाळला. सर फारच खिन्न झाले. मला त्याचं नवल वाटलं, पण म्हटलं, एकतीस गुण जिव्हारी लागले असतील.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. विषय होता 'यंत्र आणि माणूस'. यंत्र व्यासपीठावर टेबलावर, हार घालून. शेजारी इंद्रजित, लग्नासाठी शिवलेल्या कोटात. खबरदारी म्हणून यंत्राशेजारी एक माणूसही परीक्षक असावा असं समितीनंच ठरवलं होतं, तेव्हा केळुसकर सर गुणपत्रक घेऊन बसले. बाई सोफ्याशी गेल्या.

"अण्णासाहेब, घशाला घ्या."

"मला काय गायचंय काय बाई?"

"शेवटी तुमचं भाषण आहे ना."

"मग द्या की दोन."

पहिला उठला रणधीर घाटगे. ह्या पोराला माईक लागतच नाही. "सन्माननीय व्यासपीठ" म्हणाला तेव्हा मागच्या भिंतीवरचं कबूतर उडालं. मी सोफ्याकडं बघितलं. अण्णासाहेबांचा गाल एका बाजूनं किंचित फुगलेला, मान ताठ, काळा चष्मा समोर. खोकला नाही. बाईंनी माझ्याकडं बघून पापण्या मिटल्या. दुसरा बोलला, तिसरी बोलली. यंत्र मानवाचा गुलाम की मालक, हे प्रत्येकानं टाळ्यांसाठी थांबून विचारलं. पोरं ओरडली, हात आपटले, एकानं गुडघा टेकला. सोफा शांत.

शेवटी महादेवी. तिनं माईक खाली ओढून घेतला.

"माझी आई विड्या वळते," ती म्हणाली. "पान आणि तंबाखू वळून वळून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या. आता रेशनच्या दुकानात यंत्र आलंय. आई अंगठा ठेवते, यंत्र नाही म्हणतं. दुकानदार आईला तिच्या लग्नापासून ओळखतो. तो म्हणतो, मावशी, मला माहितीय तुम्ही कोण, पण तुम्ही तुम्ही नाही असं हे म्हणतंय, मी काय करू. आई घरी आली आणि मला विचारलं, पोरी, मग मी कोण?"

ती थांबली. टाळ्यांसाठी नव्हे. तिला पुढचं बोलायला वेळ लागला.

मी आजूबाजूला बघितलं. इंद्रजितचे डोळे पडद्यावर. बाईंचे डोळे अण्णासाहेबांच्या गालावर, कांडी पुरतेय का बघत. केळुसकर सर तर अण्णासाहेबांकडं असे बघत होते जसा शेवटच्या एसटीची वाट बघणारा माणूस रस्त्याकडं बघतो. मी कॉमर्सची, मला कोणी काही काम दिलेलं नव्हतं. म्हणून मी ऐकलं.

महादेवी बोलून संपली, नमस्कार केला, पिशवी उचलली आणि बाजूच्या दारानं गेली. पाच वाजायला आले होते.

"निकाल," प्राचार्य म्हणाले.

इंद्रजितनं बटण दाबलं. पडद्यावर आठ नावं आली. आठही जणांना एकतीस.

मी व्यासपीठाच्या पायरीशीच होते, त्यामुळं पुढचं मला स्पष्ट ऐकू आलं. केळुसकर सर इंद्रजितच्या कानाशी गेले. "टाका कुणाचंही एक नाव वर. कोण बघतंय?"

इंद्रजितचं बोट कळफलकावर गेलं. त्या बोटाखाली नोकरी होती, खुर्ची होती, आणि तिसऱ्या रांगेत खास बघायला आलेले मुरगूडचे हेडमास्तर होते. बोट तिथं थोडं थांबलं. मग त्यानं यंत्राचा हार नीट केला, उगीचच, आणि खाली उतरून सोफ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला. उत्तर आलं नाही. "साहेब," तो मोठ्यानं म्हणाला.

अण्णासाहेब हलले. चष्मा नाकावर वर सरकवला आणि खोकले. काळी दोन ते खर्ज. माईक चालू होता. पडद्यावर इंद्रजितच्या 'साहेब'ला शहाण्णव गुण आले.

सभागृह पडद्याकडं बघत होतं.

"साहेब, माझं यंत्र चुकलंय," इंद्रजित म्हणाला. "त्याला भाषण कळत नाही. तुमचा खोकला तेवढा कळतो. तुम्ही खोकलात की ते गुण देतं."

"माझा खोकला?"

"होय. जुन्या निकालांवरून शिकलं ते. चूक माझी."

अण्णासाहेबांनी कांडी ह्या गालातून त्या गालात नेली. "मग आता? केळुसकर, तुम्ही हायसा की. यंत्र गेलं खड्ड्यात, तुम्ही सांगा. पहिला कोण?"

केळुसकर सर गुणपत्रक घेऊन उठले. ते कोरं होतं. त्यांनी ते छातीशी धरलं, मग खाली केलं.

"सर, सांगा की," अण्णासाहेब म्हणाले.

"साहेब, आज जरा अडचण आहे."

"कसली?"

"आज आपण खोकला नाहीत."

यंत्र कुठून शिकलं हे त्या क्षणी सगळ्यांना एकदम कळलं. बागेवाडीकर बाईंनी पदर तोंडाला लावला. ह्या खेपेला ठसका नव्हता.

"म्हंजे इतकी वर्षं," अण्णासाहेब सावकाश म्हणाले, "मी खोकलो की तुम्ही पहिला नंबर देत हुता?"

"आपली पसंती समजून," केळुसकर सर म्हणाले. "आपण संस्थेचे अध्यक्ष. भाषण भिडलं की आपण खाकरता, असं आमच्या आधीच्या परीक्षकांनीच सांगून ठेवलं होतं."

अण्णासाहेबांनी काळा चष्मा काढला. आम्ही त्यांचे डोळे कित्येक वर्षांनी बघत होतो. ते झोपेनं लालभडक होते.

"आवं, पसंती कसली," ते म्हणाले. "मला भाषणाला झोप लागती. पयल्यापास्नं. कोण लई जोरात वरडलं की जाग येती, आणि जाग आली की खोकला येतो. आज त्या बाईंनी कांडी दिली, तर काय झोप लागली म्हणून सांगू."

आधी हेडमास्तर हसले. मग सभागृहाला काही धरबंद राहिला नाही. पोरं बाकं बडवायला लागली. जो तो खोकत होता, आणि पडद्यावरचं यंत्र आनंदानं ब्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव करत सुटलं होतं. अण्णासाहेब स्वतः इतके हसले की खरोखरचा खोकला आला आणि आमच्या स्पर्धेच्या इतिहासातले पहिले शंभर गुण कोणालातरी मिळाले.

"चहा आणा," ते डोळे पुसत म्हणाले. "सगळी भाषणं पुन्हा घ्या. आता मी जागा हाय."

मी वर गेले आणि केळुसकर सरांना म्हटलं, "पुन्हा कशाला? महादेवीला द्या. मी ऐकलंय."

"कोण महादेवी?"

"शेवटची."

"काय बोलली ती?"

मी सांगायला लागले, विड्या, अंगठा. सरांनी मधेच अण्णासाहेबांकडं बघितलं, सवयीनं. मग त्यांनी यादी बघितली. "मॅडम, फेरी पुन्हा जाहीर झाली. ती हजर कुठं आहे?"

मी बाजूच्या दारातून बाहेर पळत गेले. कॉलेजसमोरचा रस्ता मोकळा होता आणि बस वळणावर दिसली, तेवढीच.

सात जण पुन्हा बोलले. केळुसकर सरांनी आयुष्यात पहिल्यांदा समोर बघून भाषणं ऐकली आणि त्यांना घाम फुटला. सवय कुठं जाते. पहिला नंबर रणधीर घाटगेलाच मिळाला. पण कोणाची तक्रार नव्हती. सगळे हसून थकले होते.

करंडक देताना अण्णासाहेबांनी इंद्रजितच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं एकाबी प्राध्यापकानं मला सांगितलं न्हाई," ते माईकवर म्हणाले, "ते ह्याच्या यंत्रानं चारचौघांत सांगितलं. आणि नाव घालून गप बसायचं सोडून हे पोरगं माझ्यासमोर येऊन हुबं राहिलं. ह्याला कायम करा."

सोमवारी महादेवी मला ग्रंथालयाच्या व्हरांड्यात भेटली. तिला सगळं उडत उडत कळलं होतं. मी पुन्हा नीट सांगितलं. तीही हसली, खोकल्याला तर भिंतीला टेकून हसली.

"मॅडम, मला किती दिले यंत्रानं?"

"एकतीस."

"आणि घाटगेला?"

"पहिल्या फेरीत? एकतीसच."

"म्हणजे मी एकदा तरी सगळ्यांच्या बरोबरीला आले," ती म्हणाली.

आता हिशेब. इंद्रजितला नोकरी मिळाली, खिडकीजवळची खुर्ची मिळाली, आणि हेडमास्तर सासरे झाले. नातवाच्या बारशाला त्यांनी स्वतः खोकून दाखवलं. केंद्र निघालं, त्याच्या नीती समितीचे अध्यक्ष केळुसकर सर झाले, कारण पक्षपात कसा होतो हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. बागेवाडीकर बाईंना दर स्पर्धेला सोफ्याशेजारची जागा मिळते. अण्णासाहेबांना झोपेची उघड परवानगी मिळाली. यंत्र हारासकट कपाटात गेलं, त्याला कशाचंच काही नाही. ह्या सगळ्याचं बिल भरलं ते एकट्या महादेवीनं. आणि तिला विचाराल तर ती म्हणते, मॅडम, त्या दिवशी माझं काही गेलं नाही. पाच दहाची बस मिळाली, वर खिडकीची जागा.